भरती थांबते तेव्हा

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला ‘भरती’ या शब्दाचे दोन अर्थ समजावून सांगावे लागत नाहीत. एक भरती खाडीत पाणी आणते, दुसरी घरात पगार आणते. पहिलीची वेळ तिथीवरून कळते. दुसरीची वेळ मात्र कचेरीत ठरते, आणि कचेरीत जेव्हा पैशाची चणचण भासू लागते तेव्हा सर्वांत आधी जो हुकूम निघतो तो असा: नवी भरती तूर्त स्थगित. या हुकमाने कोणाच्या घरातली चूल विझत नाही, कोणाला कामावरून काढले जात नाही, मोर्चा निघत नाही. म्हणूनच तो राज्यकर्त्यांना सौम्य वाटतो. तो खरोखर सौम्य असतो का, आणि नसेल तर त्याचा भार कोण वाहतो, याचा विचार करण्यासाठी आम्ही वाचकांना पन्नासेक वर्षांमागील न्यूयॉर्क शहरात नेऊ इच्छितो. जगातील धनाढ्य शहरांत गणले जाणारे ते शहर 1975 साली दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते, आणि त्या कथेचा आरंभ अशाच एका स्थगितीने झाला होता.

न्यूयॉर्कची नगरपालिका ही केवळ दिवे आणि गटारे पाहणारी संस्था नव्हती. तिची स्वतःची इस्पितळे होती. तिचे विद्यापीठ होते, आणि 1847 साली स्थापन झालेल्या ‘फ्री अ‍ॅकॅडमी’पासून तेथे शहरातील मुलांना शिकवणी शुल्काशिवाय शिकता येत असे. आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू अशा स्थलांतरितांच्या कैक पिढ्या या संस्थांच्या आधाराने गरिबीतून वर आल्या. पोलिस, अग्निशामक, शिक्षक, परिचारिका, सफाई कामगार ही त्यांच्या घरांतील मानाची पदे होती. आयरिश कॅथलिक घरांत तर आजोबा, बाप आणि मुलगा असे तिघेही पोलिस दलात किंवा अग्निशामक दलात असणे ही नवलाची गोष्ट नव्हती.

साठच्या दशकाच्या अखेरीपासून या व्यवस्थेखालची वाळू सरकू लागली. कारखाने शहर सोडून गेले. 1969 नंतरच्या सात-आठ वर्षांत शहराने पाच लाखांहून अधिक रोजगार गमावले. मध्यमवर्ग उपनगरांकडे वळला. 1970 च्या जनगणनेत 78 लाख 95 हजार असलेली लोकसंख्या 1980 मध्ये 70 लाख 71 हजारांवर आली. कर भरणारे गेले, मदतीची गरज असणारे राहिले. त्यात 1973 चा तेलाचा तुटवडा आणि त्यापाठोपाठची मंदी आली. खर्च आणि उत्पन्न यांतील खिंडार शहराने अल्पमुदतीच्या कर्जाने बुजवले. पुढे येणाऱ्या करांच्या आणि अनुदानांच्या भरवशावर रोखे काढायचे, मुदत भरली की नवे रोखे काढून जुने फेडायचे, असा क्रम पडला. ज्या उत्पन्नाच्या भरवशावर ही उचल घेतली जात होती, त्यातील काही उत्पन्न कधीच येणार नव्हते. पूल आणि शाळा बांधण्यासाठी असलेल्या भांडवली खात्यातून रोजचा खर्चही भागवला जाऊ लागला. 1975 च्या आरंभी या अल्पमुदतीच्या कर्जाचा डोंगर 600 कोटी डॉलरांच्या घरात पोहोचला होता. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या शहाण्या माणसाचा दृष्टान्त प्रभू येशूने संत लूकच्या शुभवर्तमानात सांगितला आहे. येथे हिशेब होता, पण तो खरा नव्हता. याची जबाबदारी कामगारांपेक्षा राज्यकर्त्यांची अधिक होती, आणि ते रोखे वर्षानुवर्षे विकून आपले शुल्क घेणाऱ्या बँकांचीही होती.

1974 च्या जानेवारीत अब्राहम बीम महापौर झाले. ते पेशाने हिशेबनीस, आणि त्यापूर्वी दोन वेळा शहराचे मुख्य हिशेब-नियंत्रक राहिलेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तूट लपवणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी नवी भरती गोठवली. जी माणसे आहेत ती राहतील. कोणी निवृत्त झाला, राजीनामा दिला किंवा वारला तर त्याची जागा भरली जाणार नाही. प्रशासनाच्या भाषेत याला नैसर्गिक घट म्हणतात. शब्द किती निरुपद्रवी आहे! झाडावरून पिकले पान गळावे, तितके ते सहज वाटते.

परंतु या पद्धतीचा एक दोष असा की कोणती जागा रिकामी होईल हे गरज ठरवत नाही, योगायोग ठरवतो. ज्या दवाखान्यात वयस्क परिचारिका अधिक, तेथे जागा लवकर रिकाम्या होतात. मग तो दवाखाना शहरातील सर्वांत गरजू वस्तीत का असेना. ज्याला दुसरीकडे काम मिळू शकते तो कुशल माणूस आधी निघून जातो. मागे राहिलेल्यांवर दोघांचे काम पडते. कोणत्या सेवेवर पाणी सोडायचे हा प्रश्न कोणी मांडत नाही, कोणी त्याचे उत्तर देत नाही, आणि तरीही निर्णय होत जातो. ज्या निर्णयाला कर्ता नसतो त्याबद्दल जाब कोणाला विचारायचा?

दुसरा दोष त्याहून गंभीर आहे. त्या शहरात नोकरीसाठी परीक्षा द्यावी लागे. उत्तीर्णांची यादी लागे आणि यादीतील क्रमाने बोलावणे येई. या यादीला कायद्याने ठरावीक आयुष्य असते. भरती थांबली की यादी जागच्या जागी म्हातारी होते. त्या यादीतील तरुणाला कोणी काढून टाकलेले नसते, कारण त्याला कोणी घेतलेलेच नसते. त्याच्यासाठी संघटना भांडत नाही. त्याची गणना कपातीच्या आकड्यांत होत नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त येथे आठवतो. दिवस मावळतीला आला तरी बाजारात काही माणसे रिकामी उभी होती. धन्याने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. त्या दृष्टान्तावरील प्रवचनांत आम्ही धर्मगुरू बहुधा मजुरीच्या दानारीवर बोलतो. त्या माणसांच्या दिवसभराच्या उभे राहण्यावर आम्ही थोडे अधिक बोलायला हवे.

1975 च्या वसंत ऋतूत बँकांनी शहराचे नवे रोखे घेण्यास नकार दिला. मग सौम्य उपाय संपले. जूनमध्ये राज्य सरकारने शहरासाठी कर्ज उभारणारे एक स्वतंत्र महामंडळ स्थापले. 1 जुलै रोजी हजारो कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले, त्यांत सुमारे पाच हजार पोलिस होते. संतप्त पोलिसांनी ब्रुकलिनचा पूल अडवला. सफाई कामगारांनी काम थांबवले आणि ऐन उन्हाळ्यात रस्तोरस्ती कचऱ्याच्या राशी साचल्या. त्याआधी जूनमध्ये पोलिसांच्या व अग्निशामकांच्या संघटनांनी बाहेरगावच्या प्रवाशांना हे ‘भयाचे शहर’ आहे असे सांगणारी, मुखपृष्ठावर कवटी छापलेली पत्रके काढली होती. काही पोलिसांना व अग्निशामकांना पुढे परत घेण्यात आले. परंतु कपातीचा नियम होता शेवटी आलेला आधी जाणार, हा. त्या नियमात अन्याय करण्याचा हेतू नव्हता. मात्र कृष्णवर्णीय, पोर्तोरिकन आणि स्त्रिया यांच्यासाठी या नोकऱ्यांचे दार उघडून थोडीच वर्षे झाली होती. शेवटी आलेले तेच होते, म्हणून आधी गेलेही तेच. पोर्तोरिकन कुटुंबे तर बहुतांशी कॅथलिक, आपल्याच धर्मबांधवांची.

9 सप्टेंबरला राज्य विधिमंडळाच्या कायद्याने शहराच्या तिजोरीवर एक आपत्कालीन नियंत्रण मंडळ बसवण्यात आले. लोकांनी निवडलेल्या महापौराच्या हातून हिशेबाची वही गेली. त्याच दिवशी शिक्षकांचा संप सुरू झाला, कारण हजारो शिक्षक कमी झाल्याने काही वर्गांत चाळीसहून अधिक मुले कोंबली गेली होती. तो संप चालू असतानाच, 14 सप्टेंबर 1975 रोजी, रोममध्ये पोप पॉल सहावे यांनी एलिझाबेथ अ‍ॅन सेटन यांना संतपद बहाल केले. अमेरिकेत जन्मलेली ही पहिली संत, आणि तिचा जन्म न्यूयॉर्कचा, 1774 सालचा. तिच्या पतीचा जहाजी व्यापार बुडाला होता. दिवाळे निघणे म्हणजे काय हे तिने स्वतःच्या घरात पाहिले होते. पाच मुलांची ही विधवा 1805 साली कॅथलिक झाली, आणि 1809 साली तिने सिस्टर्स ऑफ चॅरिटी हा संघ स्थापून गरीब मुलामुलींच्या शिक्षणाचा पाया घातला. तिच्या भगिनींनी 1817 साली न्यूयॉर्कमध्ये अनाथालय चालवायला घेतले. शहराच्या शाळा बंद असताना त्याच शहराच्या एका शिक्षिकेला वेदीचा मान मिळावा, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. तिजोरी रिकामी झाल्यावर आधी कोणाकडे पाहायचे, याचे उत्तर सेटनच्या चरित्रात आहे. तिने आधी मुलांकडे पाहिले.

ऑक्टोबरात संकट शिगेला पोहोचले. 17 ऑक्टोबरला शहराला 45 कोटी 30 लाख डॉलर फेडायचे होते आणि हाती होते केवळ 3 कोटी 40 लाख. आदल्या रात्री वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात आल्फ्रेड स्मिथ स्मृती-भोजन होते. न्यूयॉर्क धर्मप्रांताच्या आर्चबिशपांच्या यजमानपणाखाली, धर्मादाय कार्याला निधी मिळावा म्हणून दरवर्षी भरणारा हा समारंभ, आणि त्या वेळी आर्चबिशप होते कार्डिनल टेरेन्स कुक. ज्या अ‍ॅल स्मिथच्या नावाने हे भोजन होते तो लहानपणी वडील वारल्याने शाळा सोडून फुल्टनच्या मासळीबाजारात कामाला लागलेला मुलगा. पुढे तो चार वेळा राज्यपाल म्हणून निवडून आला आणि 1928 साली एका मोठ्या पक्षाचा अध्यक्षपदाचा पहिला कॅथलिक उमेदवार झाला. त्याच्या स्मरणार्थ पाने मांडलेली असताना शहराचे राज्यकर्ते दिवाळखोरीच्या घोषणेचा मसुदा तयार करीत होते. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीच्या विश्वस्तांनी 15 कोटी डॉलरांचे रोखे घेण्यास नकार दिला होता. राज्यपाल ह्यू केरी, ब्रुकलिनचे आयरिश कॅथलिक आणि चौदा मुलांचे वडील, यांनी शिक्षक संघटनेचे प्रमुख अल्बर्ट शँकर यांच्याशी रात्री उशिरापर्यंत बोलणी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षकांनी होकार दिला आणि शहर वाचले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. शहराला त्या दिवशी तारणारा पैसा कोणाचा होता? ज्यांचे सहकारी नुकतेच घरी बसवले गेले होते, अशा शिक्षकांच्या म्हातारपणाचा तो पैसा होता. नगरपालिकेच्या कर्मचारी संघटनांच्या निवृत्तिवेतन निधींनी त्या काही वर्षांत सुमारे 250 कोटी डॉलर शहराच्या रोख्यांत गुंतवले. उधळ्या कामगारांमुळे शहर बुडाले असे पुढे अनेकांनी लिहिले. ते लिहिताना ही बाजू वगळणे न्यायाचे नाही.

29 ऑक्टोबरला अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी शहराला मदत देणारे कोणतेही विधेयक आपण फेटाळू असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’ने ठळक मथळा दिला, त्याचा भावार्थ असा की फोर्ड शहराला म्हणतात, मर जा. ते शब्द फोर्ड यांनी उच्चारलेले नव्हते; पण लोकांनी ऐकले ते तेच. डिसेंबरात फोर्ड यांनी भूमिका बदलून वर्षाला 230 कोटी डॉलरांपर्यंत व्याजी कर्ज देण्याच्या कायद्यावर सही केली. बदल्यात शहराने आणखी पट्टा आवळला. भुयारी रेल्वेचे भाडे सप्टेंबरातच 35 सेंटवरून 50 सेंट झाले होते. 1976 साली विद्यापीठात शिकवणी शुल्क सुरू झाले आणि 129 वर्षांची मोफत शिक्षणाची परंपरा संपली.

या आकड्यांमागे माणसे कशी वागली याचे एक उदाहरण आम्हांला विशेष सांगावेसे वाटते. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात, नॉर्थसाइडला, मुख्यतः पोलिश वंशाच्या कामगारांची वस्ती होती. लाकडी घरे दाटीवाटीने उभी, शेजारी कारखाने. तेथील 212 क्रमांकाचे अग्निशामक केंद्र 1975 च्या नोव्हेंबरात बंद करण्याचा हुकूम निघाला. रहिवाशांनी केंद्रात शिरून ठाण मांडले आणि आगीचा बंब बाहेर जाऊ दिला नाही. बायकामुले पाळीपाळीने तेथे झोपली, तेथेच जेवली. हा पहारा सुमारे सोळा महिने चालला. 1977 साली शहराने माघार घेतली आणि केंद्र पुन्हा सुरू झाले. लोकांनी त्याला ‘लोकांचे अग्निशामक केंद्र’ असे नाव दिले. ते पुढे 2003 साली दुसऱ्या एका अंदाजपत्रकी टंचाईत बंद झाले, परंतु मधली पंचवीस वर्षे त्या वस्तीने स्वतःच्या जागरणाने मिळवली होती. कागदावर जे केवळ एक पद असते, ते वस्तीसाठी रात्रीच्या झोपेचा भरवसा असते, हे त्या कुटुंबांनी शहराला शिकवले.

आता हिशेबाची दुसरी बाजू. 1978 पर्यंत शहराच्या सेवेतील सुमारे साठ हजार पदे कमी झाली होती. त्यांतील पुष्कळशी न भरलेली पदे होती. 1981 साली शहराचे अंदाजपत्रक खऱ्या अर्थाने समतोल झाले आणि बाजारात त्याची पत परतली. सरकारी कर्ज व्याजासह फिटले. हे यश खरे आहे आणि ते नाकारू नये. पण त्याची किंमत त्या वर्षांच्या वहीत पूर्ण उतरली नव्हती. चार वर्षांहून अधिक काळ पोलिस दलात नवी तुकडी आली नाही. 13 जुलै 1977 च्या रात्री शहराची वीज गेली तेव्हा गरीब वस्त्यांतून शेकडो दुकाने लुटली आणि जाळली गेली, आणि अपुरे दल हतबल झाले. त्याहून मोठी किंमत मंद पावलांनी आली. क्षयरोगाच्या दवाखान्यांतून आणि घरोघर जाऊन रोग्यांची विचारपूस करणाऱ्या सेवकांतून माणसे कमी झाली होती. पुढे एड्स आणि बेघरपणा यांची भर पडली. 1978 ते 1992 या काळात शहरातील क्षयरोग्यांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. 1992 साली 3,811 रुग्णांची नोंद झाली. तो रोग आटोक्यात आला तो कसा? रोग्याच्या दारी जाऊन, औषधाची प्रत्येक मात्रा डोळ्यांदेखत घ्यायला लावणारी शेकडो माणसे नेमून. म्हणजे भरती करूनच! वाचवलेल्या पगारांपेक्षा हा खर्च कितीतरी अधिक झाला, आणि दरम्यान जे दगावले त्यांचा हिशेब कोणत्याच वहीत मांडता येत नाही.

मग शहराने काय करायला हवे होते? तिजोरी रिकामी असताना पगार देत राहावे असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. खोटा हिशेब हेही गरिबांविरुद्धचे पाप आहे, कारण तो उघडा पडतो तेव्हा त्याचे दंडशुल्क गरीब भरतात. 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी आपल्या परिपत्रकातून श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या केंद्रस्थानी आणला. 1981 साली संत जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रकात ‘अप्रत्यक्ष मालक’ अशी एक कल्पना मांडली. जो प्रत्यक्ष पगार देतो तोच एकटा जबाबदार नसतो. ज्यांच्या धोरणांमुळे काम मिळते किंवा मिळत नाही ते सारे, आणि विशेषतः राज्यसंस्था, कामगाराला उत्तरदायी असतात. या शिकवणुकीच्या उजेडात पाहिले तर भरती थांबवणाऱ्या शहरावर तीन बंधने येतात. थांबवणे किती काळ आहे हे सांगावे. कोणती पदे कोणत्याही परिस्थितीत रिकामी ठेवायची नाहीत हे आधी ठरवावे, आणि ते ठरवताना सर्वांत दुबळ्या वस्तीपासून आरंभ करावा. आणि यादीत वाट पाहणाऱ्यांनाही कपातीच्या झळा सोसणाऱ्यांत मोजावे. न्यूयॉर्कने ही तिन्ही बंधने पाळली नाहीत.

2 ऑक्टोबर 1979 रोजी पोप जॉन पॉल दुसरे न्यूयॉर्कला आले. आगीत भस्मसात झालेल्या घरांच्या सांगाड्यांनी भरलेल्या दक्षिण ब्राँक्समध्ये ते गेले, आणि त्याच दिवशी यांकी स्टेडियममध्ये त्यांनी श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दृष्टान्तावर प्रवचन केले. त्या श्रीमंताने लाजरला मारले नव्हते, हाकललेही नव्हते. त्याचा दोष एवढाच की दाराशी पडलेला माणूस त्याला दिसला नाही. न भरलेल्या पदाचे पाप, ते पाप असेल तर, याच जातीचे आहे.

त्यानंतरही त्या शहराने अनेकदा भरती रोखली आहे. 2020 च्या महामारीत रोखली. 2023 साली पुन्हा रोखली आणि पोलिसांच्या नव्या तुकड्या रद्द केल्याचे जाहीर केले, त्यांतील एक 2024 च्या आरंभी परत घेतली. आणि आपल्याकडे? आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांनी महानगरपालिकांच्या इस्पितळांत, शाळांत, कचेऱ्यांत प्रामाणिक चाकरी करून घरे उभारली. ‘रिक्त पदे’ हा शब्द आपल्याला परका नाही, आणि परीक्षा देऊन वाट पाहत वय उलटू लागलेली मुलेही परकी नाहीत. मिस्साबलिदानातील श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत आपण आजाऱ्यांसाठी आणि प्रवाशांसाठी प्रार्थना करतो. त्यांत या वाट पाहणाऱ्यांचेही नाव असावे. आणि अंदाजपत्रकाच्या दिवसांत आपल्या नगरसेवकाला भेटून, आमच्या दवाखान्यात किती पदे आहेत आणि त्यांतील किती भरलेली आहेत, एवढा साधा प्रश्न विचारण्याचे काम आपल्यापैकी कोणीतरी अंगावर घ्यावे. न्यूयॉर्कच्या नॉर्थसाइडमधील कुटुंबांनी सोळा महिने जागरण केले. आपल्याला एक दुपार पुरे आहे.